न्हाणीत मावेल असा टब

सखारामने सुतळीचे एक टोक न्हाणीघराच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून धरले आणि दुसरे टोक धाकू गवंड्याच्या हाती दिले. धाकूने सुतळी ताणली, समोरच्या भिंतीपाशी ती चिमटीत पकडली आणि बाहेर उजेडात नेऊन टेपावर मोजली. टेप कापडी असल्यामुळे तो न्हाणीच्या ओलीत नेण्यास धाकू तयार नव्हता. लांबी साडेपाच फूट भरली, रुंदी चार फूट आणि दरवाजा सव्वादोन फूट. हे तिन्ही आकडे सखारामने खडूने चौकटीवर लिहिले व काही वेळ तो त्यांच्याकडे पाहत उभा राहिला.

मधल्या खोलीत खाटेवर पडल्या पडल्या मथुरा हे सर्व पाहत होती.

धाकूने हात झटकले आणि आपला निर्णय दिला. नवीन जातीचा हलका टब उभा करून दारातून आत नेता येईल, त्यात काही अवघड नाही. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, टब मात्र बाहेरच्या बोळात वळणारच नाही. त्याकरिता न्हाणीची मागची चिऱ्याची भिंत तीन हात उतरवावी लागेल, फरशीखाली दगडांचा भराव घालावा लागेल आणि टब आत बसल्यावर भिंत पुन्हा बांधावी लागेल.

"वैनी, बिडाचा टब म्हंजे होडीच हाय," धाकू खाटेकडे वळून म्हणाला. "एकदा आत गेला की गेला. मग वल्ही घ्या नि दाभोळ गाठा."

"मना कशाला दाभोळ," मथुरा म्हणाली. "ह्यांना बसवा त्यात. घरात राहायची सवय ह्यांनाच नाय."

सखाराम हसला. ते बोलणे खोटे नव्हते. एकतीस वर्षे त्याने मालवाहू बोटींवर सलून-बॉयची, म्हणजे कप्तानाच्या दिमतीची, चाकरी केली होती. वर्षातून दोन महिने तो मांडवीच्या या घरात पाहुण्यासारखा येई, फणस खाई, कौले चाळून घेई आणि पुन्हा निघून जाई. कप्तानाचा टब घासणे, त्यात ऊन पाणी भरणे आणि पाणी सांडल्यावर फरशी पुसणे हे त्याचे नित्याचे काम होते. त्यामुळे टब ही वस्तू त्याला जितकी ठाऊक होती, तितकी साऱ्या मांडवीत दुसऱ्या कोणासही ठाऊक नव्हती. शेजारच्या गोदाला जेव्हा ही गोष्ट कळली, तेव्हा ती पदराआड हसून म्हणाली होती की सखारामभाऊ आता साहेब झाले, उद्यापासून आमटीसुद्धा काट्याने खातील.

परंतु टब हौसेसाठी नव्हता. दोन वर्षांपूर्वी मुंबईस मथुराच्या छातीतील गाठीचे ऑपरेशन झाले होते. गेल्या थंडीत तिच्या कमरेत आणि मांड्यांत असह्य वेदना सुरू झाल्या, म्हणून तो तिला पुन्हा मुंबईस घेऊन गेला. तेथील डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसवून सखारामला एकट्यालाच आत बोलावले. आत जे ऐकले ते त्याने कोणासही सांगितले नाही. बाहेर येऊन मथुराला एवढेच सांगितले की हाडांत वात शिरला आहे, शेक घेतला की उतरेल. गावातल्या डॉक्टरांनी पुढे सुचविले की बाईंना रोज कमरेपर्यंत ऊन पाण्यात बसविता आले तर बराच आराम पडेल. पाटावर बसवून तांब्याने पाणी घातल्याने तो उपयोग होत नव्हता आणि घंगाळात तर लहान मूलच मावले असते.

न्हाणी मोजली त्याच दिवशी दुपारी सखाराम मारुती मंदिराजवळील गंगारामशेठच्या वखारीत गेला. दैवयोगाने तेथे दोन टब होते. इंग्रजांच्या काळातील एका बंगल्याची मोडतोड झाली, तेव्हा तेथील बिडाचा टब शेठजींकडे आला होता. दुसरा अ‍ॅक्रिलिकचा, फिकट निळ्या रंगाचा, एका हॉटेलवाल्याने मागविला होता. पण हॉटेल बांधून होण्याआधीच भागीदारांचे बिनसले, त्यामुळे तो गोणपाटात गुंडाळलेलाच पडून राहिला होता.

सखारामने दोन्ही टब बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिले. निळ्या टबाचा आवाज पोकळ, डब्यासारखा आला. बिडाचा टब मात्र आतून गंभीरपणे बोलला. त्याच्या कडेवरील पांढरे मिनाकाम दोन ठिकाणी उडाले होते, तथापि त्याचे चारही पाय शाबूत होते. सखाराम उकिडवा बसला व त्याने टबाच्या तळावर तळहात टेकला. असा टब सुरुवातीची उष्णता स्वतः पिऊन घेतो, परंतु एकदा तापला की पाऊण तास पाणी निवू देत नाही, हे त्याने वर्षानुवर्षे अनुभवले होते. हे त्याने शेठजींनाही समजावून सांगितले. शेठजी म्हणाले की नवीन टबातही पाणी लवकर निवत नाही, शिवाय तो अंगाला गार लागत नाही. पण हौस असेल तर बीड ते बीड, नातवंडे न्हातील त्यात.

"नातवंडेच काय, पतवंडेही न्हातील," सखाराम म्हणाला आणि उद्या सकाळी सहा हमाल तयार ठेवण्यास सांगून घरी आला.

सायंकाळी त्याने पेजेची वाटी खाटेशी नेली. पेज गोदाने आणून दिली होती. घास घेता घेता मथुराने दोन्ही टबांविषयी बारकाईने विचारले, कोणता केवढा, कोणता किती जड, कोणता कसा दिसतो. तिला इतका रस वाटावा याचा त्याला आनंद झाला. त्याने बिडाच्या टबाचे पाय कसे वाघाच्या पंजाप्रमाणे आहेत ते हाताने करून दाखविले.

"हलकाच बरा," ती सर्व ऐकून म्हणाली.

त्याला वाटले की ती खर्चाला भीत असावी. त्याने सांगितले की पैशाचा काही प्रश्न नाही. मग त्याला वाटले की भिंत पाडताना उडणाऱ्या धुळीची तिला भीती वाटत असेल. त्याने सांगितले की धाकू ओले गोणपाट लावील. तो उत्साहाने बोलत राहिला. हलका टब पाचसहा वर्षांत पिवळा पडेल, चिरेल. बिडाचा वीस वर्षे, तीस वर्षे हलणार नाही. तू म्हातारी होशील, मी म्हातारा होईन आणि टब तसाच राहील.

मथुराने वाटी खाली ठेवली.

"तोच तर घोर हाय," ती म्हणाली. "बाहेर काढायचा म्हटला तर परत भिंत पाडावी लागेल. तुमी एकटे काय काय कराल?"

"काढायचा कशाला गो?"

चादरीवर सांडलेले एक शीत तिने बोटाने उचलून वाटीत टाकले.

"पलीकडच्या आळीतली गंगुबाई गेली तेव्हा तिची गादी, उशी, बसायची चौकीसुद्धा दुसऱ्याच दिवशी खाडीवर टाकली," ती म्हणाली. "आपल्यात ठेवीत नाय. टाकावंच लागतं. मना तुमची चिंता नको का?"

सखारामने वाटी उचलली. ती रिकामी नव्हती, तरीही तो ती घेऊन परसात गेला व दगडाजवळ बसून त्याने ती बराच वेळ राखेने घासली. आत आल्यावर तो म्हणाला की उगीच काहीबाही मनात आणू नये, वाताने कोणी मरत नाही. मथुराने मान हलविली आणि ती भिंतीकडे वळली. इतक्या महिन्यांत ती प्रत्येक वेळी अशीच मान हलवीत आली होती. त्या मान हलविण्याला तो विश्वास समजत होता.

उजेड होता तोवर तो मांडवीच्या किनाऱ्यावर फिरून आला. ओहोटी लागली होती. ओळखीच्या दोघातिघांनी त्याला टबाविषयी विचारले व त्याने सर्वांना हसून उत्तर दिले.

सकाळी त्याने बंब पेटविला आणि नेहमीप्रमाणे मथुराला न्हाणीत नेण्यासाठी उचलले. तिचा एक हात त्याच्या मानेभोवती होता. दुसरा, ऑपरेशनच्या बाजूचा, सुजून जड झाला होता आणि तो तिने पोटाशी धरला होता. शिमग्यापूर्वी तिला उचलताना त्याला उंबऱ्यापाशी क्षणभर थांबून श्वास घ्यावा लागे. आज तो कोठेही न थांबता न्हाणीपर्यंत पोहोचला. तिला पाटावर बसवून झाल्यावर त्याच्या ध्यानात आले की आपण उंबरा केव्हा ओलांडला हे आपल्याला कळलेसुद्धा नाही. तो पाणी घालू लागला. ती डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून बसली होती.

तो वखारीत पोहोचला तेव्हा सहा हमाल बिडाच्या टबाखाली बांबू सारून बसले होते. दोरखंड आवळून झाले होते. शेठजींनी नारळसुद्धा आणवून ठेवला होता. सखारामला पाहताच हमालांनी विड्या विझविल्या आणि ते उठले.

सखाराम त्यांच्याजवळून पुढे गेला. त्याने निळ्या टबावरील गोणपाट बाजूला केले व त्याच्या कडेखाली हात घातला.

"ह्याला किती माणसं लागतात, शेठ?"

"ह्याला? दोन."

"एकट्या माणसाला काढता येईल काय? म्हणजे... न्हाणीतून बाहेर?"

शेठजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. टब बसविण्याआधीच तो काढण्याची चौकशी करणारे गिऱ्हाईक त्यांनी आजवर पाहिले नसावे. काहीतरी थट्टा त्यांच्या ओठांवर आली असेल, परंतु ती त्यांनी केली नाही.

"येईल," ते हळूच म्हणाले. "उभा करायचा आणि ओढत न्यायचा. एकट्याला येईल."

"मग हाच द्या."

हमालांनी बांबू काढून घेतले. त्यांच्यापैकी एकजण कुरकुरला की सकाळ फुकट गेली. सखारामने त्यांना चहा पाजला, त्यांची माफी मागितली आणि हातगाडीच्या मागे मागे तो मांडवीपर्यंत चालत गेला.

दुपारपर्यंत टब बसला. भिंतीला हात लावावा लागला नाही. धाकूने चार विटांवर त्याला टेकू दिला आणि मोरीकडे थोडा उतार ठेवला. जाताना तो म्हणाला की दादा, शेवटी वैनींचेच चालले. सखाराम म्हणाला, होय.

मग त्याने बंबातील पाणी बादलीबादलीने ओतले, कोपर बुडवून पाहिले, थोडे गार पाणी मिसळले आणि मथुराला आणून लुगड्यासकट हळूच आत बसविले. पाणी कमरेच्या वर चढले. तिच्या तोंडून एक दीर्घ निःश्वास बाहेर पडला आणि कितीतरी दिवसांनी तिचे खांदे खाली आले. सखाराम शेजारी पाटावर बसला.

"हलकाच आणला," तो म्हणाला.

"पाहिलं मी."

पाण्यावर तिचा पदर तरंगत होता. तो तिने गोळा करून मांडीखाली घेतला.

"मुंबईला मना बाकावर बसवली नि तुमाला एकट्याला आत घेतलं," ती म्हणाली. "चांगली गोष्ट असती तर दोघांना घेतलं असतं. मना तेव्हाच कळलं. पण तुमी येवढं मनापासून सांगत होता की मना खोडवेना."

सखारामने आपले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. तेथून ते त्याने हलविले नाहीत. त्याच्या हनुवटीवरून एक थेंब पाटावर पडला. तो पुसण्याचा प्रयत्नही त्याने केला नाही. मथुराने तो रडतो आहे तोवर वाट पाहिली. तिला कसलीही घाई नव्हती.

नंतर ती म्हणाली की स्वयंपाकघरात फळीवर खालच्या बाजूस उकड्या तांदळांचा डबा आहे तो घेऊन या. गोदा काही जन्मभर पेज आणून देणार नाही. तो उठला. फळीवर डबे अनेक होते आणि आपल्या घरात कोणत्या डब्यात काय आहे हे त्याला माहीत नव्हते. तिसऱ्या डब्यात तांदूळ सापडले. तो डबा घेऊन आला तेव्हा तिने उजवा हात पाण्याबाहेर काढून पुढे केला. त्याने पंच्याने तो मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत नीट कोरडा केला.

"वाटीबिटीनं मोजू नका. मुठीनं घ्यायचे," ती म्हणाली. "तुमची नाय, माझी मूठ. तुमची मोठी हाय."

तिने डब्यात हात घातला. अशक्तपणामुळे बोटे पुरती मिटत नव्हती, म्हणून त्याने बाहेरून आपला हात धरून ती मिटविली. मग तिने ती मूठ त्याच्या तळहातावर रिकामी केली. दुसऱ्या मुठीसाठी त्याने डबा पुढे केला. तिने नको म्हणून मान हलविली.

सखारामने आपल्या हातातील तांदळांकडे पाहिले. त्या रुंद तळहातावर ते एका कोपऱ्यातच मावले होते.

"कमी वाटतात," तो म्हणाला.

"शिजले की पुरतात," मथुरा म्हणाली. "एका माणसाला."