चुन्याची निवळी

"दोन महिने काय करत होता, डोमाभाऊ?" गडचिरोलीच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी विचारले.

डोमा मान खाली घालून उभा राहिला. खाटेवरून त्याची बायको गिरजाबाईच बोलली, "मीच नाई म्हणली, डाक्टरसाहेब. यायनं लय समजावलं."

ती धडधडीत खोटे बोलत होती आणि तेही त्याच्यासाठी. डोमा तलावावर मासेमारी करायचा आणि दर बुधवारी कावीळ उतरवायचा. दहा गावांची माणसे अंगणात बसत. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळेधमक होई. कावीळ पाण्यात उतरली, असे सगळे मानत. कावीळ झाल्यावर गिरजाबाईचेही पाणी दर बुधवारी पिवळे झाले. अंगाची खाज तिला झोपू देत नव्हती, तरी या शहाण्याने बायकोपेक्षा पाण्यावर जास्त भरवसा ठेवला.

नागपूरला पोट उघडून पाहिले तेव्हा पित्तनळीचा कॅन्सर पसरलेला होता. टाके घालून तिथल्या डॉक्टरांनी तिला परत गडचिरोलीला पाठवले.

व्हरांड्यात डोमाने विचारले, "हे रक्तातच असते का? आमच्या लेकीले, कांताले होईन का?"

"तसं सहसा नसतं," डॉक्टर म्हणाले. "शरीराच्या प्रत्येक पेशीत सगळ्या सूचना असतात. काही चालू, काही बंद. नळीच्या पेशींत वाढायच्या सूचना चालू झाल्या आणि थांबायच्या बंद पडल्या. का, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही."

"म्हणजे तलावाचं दार कोनं उघडलं, ते मालूम नाई."

"तसंच."

"आन मी लवकर आनली असती तर?"

डॉक्टर म्हणाले, "कापून काढता येतं का, एवढं तरी पाहता आलं असतं."

बुधवारी तो कपडे न्यायला गावी गेला. अंगणात पाच माणसे बसली होती. डोमाने कोणाला हात लावला नाही. स्वतःच्याच हातांना रस चोळून त्याने ते निवळीत धुतले. पाणी पिवळे झाले.

"मले कावीळ नाई," तो म्हणाला. "तुमी दवाखान्यात जा. आजच जा."

वामनराव नावाचे म्हातारे चिडून म्हणाले, "इतके वर्स काऊन नाई सांगितलं?" लाजेने त्याला त्या माणसांकडे पाहवेना.

संध्याकाळी तो दवाखान्यात परतला. गिरजाबाईने सुकलेले हात पुढे केले. "कांताचे बाबा, आज बुधवार. धुवून द्या ना."

खरे सांगायचे म्हणून तो वाटभर शब्द जुळवत आला होता. ते तोंडून निघेनात. त्याने नळाचे साधे पाणी भगुण्यात आणले आणि तिचे हात सावकाश धुतले, बोट न् बोट.

गिरजाबाई पाण्याकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

"पाहा, पिवळं नाई झालं. उतरली वाटते."

"हो," डोमा म्हणाला आणि तिचे हात आपल्या धोतराने पुसू लागला.