साहेबांनी केलेली छाटणी

आमच्या साहेबांना उत्तम कोड लिहिता येतो, असा साहेबांचा समज आहे. घरून काम करणाऱ्यांना कमी करा, असं कंपनीच्या मालकीणबाईंनी फर्मान काढलं, तेव्हा हे पुण्यकर्म त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं. कर्मचाऱ्यांचा अ‍ॅरे म्हणजे यादी घेतली, तिच्यावर एकेक नाव तपासणारा लूप फिरवला. ज्याच्या नोंदीत 'जागा' म्हणजे 'घर', त्याला तिथल्या तिथे 'स्प्लाइस' या आज्ञेने उडवायचं.

कोड तपासायला माझ्याकडे आला. मी म्हटलं, "साहेब, एक नाव काढलं की त्याच्या खालचं वर सरकतं, आणि तुमचा लूप त्याला न बघताच पुढे जातो. फिल्टर वापरा, एका ओळीचं काम आहे."

"कालची पोर तू, मला शिकवतेस?"

पालथ्या घड्यावर पाणी. लूप तसाच चालला.

आम्ही दोघी जावा एकाच कंपनीत, दोघीही घरूनच काम करणाऱ्या. अ‍ॅरेत माझ्या बरोबर वर जाऊबाईंचं नाव. त्या उडाल्या, मी त्यांच्या जागी सरकले आणि वाचले. सासूबाई म्हणाल्या, "हिच्यात काहीतरी असेल, म्हणून हिला ठेवलं." जाऊबाईंनी लॅपटॉप मिटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंड उघडलं तर माझीही नोकरी जाणार, म्हणून मी गप्प बसले.

पुढच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मालकीणबाईंनी विचारलं, "घरून काम करणारे काहीजण अजून आहेतच की! ते कसे?"

"पारखून ठेवलेत, मॅडम," साहेब ऐटीत म्हणाले. "गेलेल्यांत काही दम नव्हता."

जाऊबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. माझं डोकंच फिरलं.

"मॅडम, कुणी कुणाला पारखलेलं नाही. लूप चुकलाय. मी चुकून राहिलेय."

"असं? मग आत्ताच नीट चालव. सगळ्यांसमोर."

मी फिल्टर लिहिला: जागा 'घर' नसेल, तेवढेच ठेवायचे. चालवला. माझं नाव गेलं.

साहेब स्क्रीनला नाक लावून यादी वाचत होते. गेले कित्येक महिने ते स्वतःच्या स्वयंपाकघरातूनच हुकूम सोडत होते. आत्ताही मागे त्यांचा फ्रीज दिसत होता.

"माझं नाव कुठे दिसत नाही," ते म्हणाले.

"आता बरोबर चाललंय, साहेब."