जॉर्जियातलं ऊन

डॅरेल पिंकनी मैदानावर कोसळला, तेव्हा देवयानी ठोंबरेला अमेरिकेत येऊन सोळा दिवस झाले होते.

ऑगस्ट २००३. नागपूरला फिजिओथेरपीची डिग्री घेऊन आणि एका हॉस्पिटलात दोन वर्षं काम करून ती जॉर्जियातल्या एका लहानशा विद्यापीठात मास्टर्सला आली होती. शिक्षणाबरोबर आठवड्याचे वीस तास तिथल्या ॲथलेटिक ट्रेनरच्या हाताखाली काम करायचं होतं. आईला फोनवर ते समजावताना तिच्या नाकी नऊ आले होते. "व्यायाम करून घेणारा ट्रेनर नाही गं. खेळाडूला लागलं, मुरगळलं, चक्कर आली की पहिला धावतो तो. आणि पुन्हा खेळायला कधी उतरायचं तेही तोच ठरवतो."

ठरवणं मात्र इथे कागदावरच होतं. सगळ्या विद्यापीठाचे चौदा संघ आणि ट्रेनर एकच, मार्गरेट डनलॅप. बावन्न वर्षांची, एका गुडघ्याने अधू, दिवसभर गोल्फच्या गाडीतून या मैदानावरून त्या मैदानावर फिरणारी. तिची खोली जिमच्या मागे, धुलाईच्या मशीनांना लागून होती. दोन टेबलं, सांधे बांधायच्या टेपच्या गुंडाळ्यांनी भरलेलं कपाट आणि एक बर्फाचं मशीन, एवढाच संसार. आणखी एक माणूस द्या आणि माणूस आडवा मावेल असा बर्फाच्या पाण्याचा टब द्या, असं पत्र ती तीन वर्षं क्रीडा विभागाच्या प्रमुखांना लिहीत होती. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर तीन वर्षं येत होतं.

अमेरिकन फुटबॉलच्या सरावाचा तो चौथा दिवस. मार्गरेट पलीकडच्या मैदानावर मुलींच्या सॉकरपाशी, म्हणजे आपल्या फुटबॉलपाशी होती. सरावाआधी देवयानी एकेका खेळाडूला काट्यावर उभं करून वजन लिहून घेत होती. डॅरेल पहिल्या दिवशी तीनशे बारा पौंड, म्हणजे एकशे एक्केचाळीस किलो, भरला होता. आज काटा दोनशे नव्व्याण्णववर थांबला. तक्त्याच्या वर छापलेलं होतं, तीन टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल तर खेळाडूला मैदानात सोडू नये. तिने मनात हिशेब केला. चार टक्क्यांच्या वर. तिने लाल पेनाने आकड्याभोवती गोल केला.

"पाणी पितोयस ना?" तिने विचारलं.

"पितोय की. ब्रेकफास्ट राहिला, म्हणून कमी भरलं असेल," तो म्हणाला. एकोणीस वर्षांचा, दारातून जरा तिरपं होऊन जावं लागेल एवढा रुंद, आणि आवाज मात्र हळू. "कोच वाट बघतायत. जाऊ?"

भिंतीवरचं थर्मामीटर एक्क्याण्णव दाखवत होतं. म्हणजे आपले तेहतीस. नागपुरात मे महिन्यात शेहेचाळीसमध्ये ती तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटरवरून कॉलेजला गेली होती. हे काय ऊन, असं तिला वाटलं. खिशात फोन होता. मार्गरेट साडेदहाला इकडे येणारच होती, तेव्हा सांगू.

"जा," ती म्हणाली.

हवेत एवढा ओलावा असला की घाम अंगावरच राहतो आणि शरीर आतून तापत जातं, हे तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण तिच्या अंगाला ठाऊक होतं ते कोरडं ऊन. त्यात हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि एवढा मोठा देह.

दहा वाजून दहा मिनिटांनी डॅरेल उलट्या दिशेने धावायला लागला. कोच ओरडले. तो थांबला, दोन पावलं आडवी टाकली आणि खाली गेला.

देवयानी धावली. त्याच्या मानेला हात लावला आणि भाजल्यासारखा मागे घेतला. तो हात झाडत होता, काहीतरी बडबडत होता. तिने मार्गरेटला फोन केला, ॲम्ब्युलन्स मागवली, दोन मुलांकडून त्याचं हेल्मेट आणि पॅड काढून घेतले. पाण्याच्या कूलरमधला बर्फ काखेत, मानेवर ठेवला. कुणीतरी बागेचा पाइप ओढत आणला. मार्गरेट आली, तिने ताप मोजला. एकशे आठ पूर्णांक सहा. उन्हाळ्यात उष्माघाताच्या वॉर्डात काम केलेल्या देवयानीने हा आकडा कधी पाहिला नव्हता. तिला वाटलं, थर्मामीटर बिघडलंय.

"टब," मार्गरेट म्हणाली. ॲम्ब्युलन्सला एकोणीस मिनिटं लागली.

दोन दिवसांनी डॅरेल हॉस्पिटलातच वारला.

देवयानीला रडू आलं नाही. ती रोज वेळेवर येत होती, धुलाईच्या मशीनमधून टॉवेल काढून घड्या घालत होती. झाले की पुन्हा उलगडून घालत होती. मार्गरेटने एकदा तिच्या हातातला टॉवेल काढून घेतला, तर तिने दुसरा उचलला. जेवताना घास तोंडात राहायचा. "जा" हा एक शब्द आपण किती सहज उच्चारला, याच्यापुढे तिचं डोकं जातच नव्हतं.

आठव्या दिवशी विद्यापीठाच्या ऑफिसातून एक गृहस्थ आले. चांगले हसतमुख होते. त्यांनी वजनाचा तक्ता मागितला, पाहिला, आणि परत तिच्याकडेच दिला.

"घामाने भिजलेला कागद दिसतोय," ते म्हणाले. "असे कागद बऱ्याचदा वाचता येत नाहीत. टाकूनही दिले जातात. तुझ्या जबाबात तसं लिहिलंस तर कुणी तुला दोष देणार नाही. तू तर नवीनच आहेस."

ते गेल्यावर तिने तक्ता उजेडात धरला. कागद कोरडा होता. लाल गोल ठसठशीत होता. एवढा मोठा माणूस इतक्या गोड आवाजात असं काही सांगू शकतो, हेच तिला पचत नव्हतं.

शनिवारी ती जॉर्जियातल्याच अल्फारेटा गावी मावशीकडे गेली. शोभनामावशी आणि राजेशकाका सात वर्षांपासून तिथे होते. काका सॉफ्टवेअरमध्ये होते, ग्रीन कार्डची वाट पाहत.

"हे बघ देवयानी," काका म्हणाले, "लीगल मॅटर आहे हे. तू स्टुडंट व्हिसावर. उद्या त्यांनी तुझं ॲडमिशन कॅन्सल केलं तर पुढच्या फ्लाइटने नागपूर. ते म्हणतात तसं लिही आणि मोकळी हो. तू काही मारलं नाहीस त्याला."

"मी जा म्हटलं, काका."

"ते कुणी विचारलंय का तुला?"

मावशी पोळ्या करत होती. पोळीचा गोळा हातात तसाच होता. "त्याची आई काय करते?" तिने विचारलं.

"स्कूल बस चालवते म्हणे."

"मग तिला कळायला नको का?" मावशी म्हणाली आणि पोळी लाटायला लागली. काका उठून टीव्हीच्या खोलीत गेले.

देवयानीने रविवारी जबाब लिहिला. हाताने, दोन पानं. वजन किती होतं, नियम काय होता. "मी नागपूरची आहे. मला ते ऊन किरकोळ वाटलं. मी फोन केला नाही. मी त्याला जायला सांगितलं." सोबत तक्ता जोडला. मार्गरेटने आपल्या तीन पत्रांच्या प्रती जोडल्या. दोघींनी मिळून ते पाकीट विद्यापीठाच्या ऑफिसात नेऊन दिलं. आता आपली गच्छंती होणार, असं धरून देवयानीने बॅग भरून ठेवली.

कुणी काढलं नाही. उलट जानेवारीत भलतीच बातमी आली. डॅरेलच्या आईने, लोरेटा पिंकनीने, कोर्टात न जाता विद्यापीठाशी तडजोड केली होती आणि तिच्या बऱ्याचशा अटी ट्रेनरविषयी होत्या. प्रत्येक सरावाला प्रशिक्षित ट्रेनर हजर हवा. सराव थांबवायचा अधिकार त्याचा, कोचचा नाही. प्रत्येक मैदानावर टब. आणि विद्यापीठाने ट्रेनर घडवण्याचा अभ्यासक्रम सुरू करायचा.

मार्गरेट ते पत्र हातात घेऊन खुर्चीत बसली. "तीन वर्षं मी मागत होते," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून देवयानीला भीती वाटली. एका मुलाचा जीव गेल्यावर मागणी पुरी झाली, याचा आनंद कसा मानायचा, हे दोघींनाही कळेना.

पण काम सुरू झालं. मार्गरेटने देवयानीला सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसवलं होतं, त्यात ती पास झाली. २००४ मध्ये दोन ट्रेनर आले. २००५ मध्ये पदवीचा वर्ग सुरू झाला, अकरा मुलं. मास्टर्स संपल्यावर देवयानीला तिथेच नोकरी मिळाली. ती घोटा बांधायला शिकवायची, मान न हलवता जखमी माणूस कसा उचलायचा ते शिकवायची. ऑगस्ट आला की मात्र तिचा आवाज बदलायचा. कुठल्याही कोचपुढे जाऊन ती सराव थांबवायची. एकदा एका कोचने टोपी जमिनीवर आपटली. ती तिथून हलली नाही. पुढे अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मान्यता मिळाली, पहिल्या तुकडीतल्या नऊ जणांना नोकऱ्या लागल्या. २००८ मध्ये नवी इमारत उभी राहिली, तोपर्यंत सात ट्रेनर आणि अडतीस विद्यार्थी झाले होते.

उद्घाटनाला लोरेटा पिंकनी आली. पाच वर्षांत ती दरवर्षी विद्यापीठाच्या कुठल्यातरी कार्यक्रमाला यायची, मागच्या रांगेत बसायची आणि निघून जायची. देवयानीने दरवेळी ठरवलं होतं, बोलायचं. आणि दरवेळी कुठल्यातरी कामाचं निमित्त काढून ती आत पळाली होती. या वेळी भाषणं संपल्यावर लोरेटा स्वतःच तिच्यासमोर उभी राहिली. उंच, करडे केस, बस चालवून राठ झालेले पंजे.

"कुठेतरी बसू या," ती म्हणाली.

टेपिंगच्या खोलीत दोघी बसल्या. पाच वर्षं घोळवलेलं वाक्य तिने बाहेर काढलं. "मिसेस पिंकनी, त्या दिवशी मी त्याला जाऊ दिलं."

"मला माहीत आहे. तू लिहिलं होतंस. मी वाचलंय."

देवयानीने मान वर केली.

"माझ्या वकिलाकडे चाळीस जणांचे जबाब आले होते," लोरेटा म्हणाली. "सगळे म्हणत होते, असं घडलं, तसं झालं. 'मी' असं कुणी लिहिलंच नव्हतं. विद्यापीठाला तुला काढायचं होतं. मी अट घातली, ही मुलगी राहील."

देवयानीला वाटत होतं मार्गरेटने तिला वाचवलं. पाच वर्षं ती मार्गरेटचेच आभार मानत आली होती आणि मार्गरेट नुसती मान हलवायची. तिने हात मांडीखाली दाबले.

"माफ केलं असं समजू नकोस," लोरेटा शांतपणे म्हणाली. "ते मला अजून जमलेलं नाही. कधी जमेल ठाऊक नाही. पण तो बोलत होता तोवर त्याच्याजवळ तू होतीस. तू निघून गेली असतीस, तर मी विचारायचं कुणाला? दरवर्षी येते ते तेवढ्यासाठीच. आणि दरवर्षी धीर होत नाही." ती थांबली. "तो काही बोलला का?"

खोटं बोलायची संधी होती. शांत होता, देवाचं नाव घेत होता, असं काहीही सांगता आलं असतं.

"तो शुद्धीत नव्हता," देवयानी म्हणाली. "हात झाडत होता. मला एक शिवी दिली. मग म्हणाला, लोरेटा, लाइट बंद कर. दोनदा म्हणाला." तिने लोरेटाकडे पाहिलं. "मला तेव्हा तुमचं नाव माहीत नव्हतं. वाटलं, मैत्रीण असेल, त्याची खासगी गोष्ट आहे. म्हणून जबाबात घातलं नाही. नंतर नाव कळलं, आणि तुमच्याशी बोलायचा धीर झाला नाही."

लोरेटाचा चेहरा जागच्या जागी थिजला. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवत होतं, फोटो काढले जात होते.

"लोरेटा," ती शेवटी म्हणाली. "मला नावाने हाक मारली त्याने?"

"हो."

"घरी मारली असती तर थोबाडीत खाल्ली असती." तिच्या घशातून एक विचित्र आवाज आला. ती हसतेय की रडतेय, हे देवयानीला आधी कळलं नाही. दोन्ही होतं. "रात्रपाळीच्या नोकरीत होते तेव्हा मी सकाळी घरी येऊन लाइट लावायचे, त्याला शाळेसाठी उठवायला. पांघरुणातून ओरडायचा, मॉम, लाइट. पण नाव... कधीच नाही."

देवयानीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. लोरेटाने तिच्याकडे पाहिलं, तिला जवळ घेतलं नाही, उठलीही नाही. पर्समधून टिश्यूचं पाकीट काढून एक स्वतः घेतला आणि पाकीट दोघींच्या मधे टेबलावर ठेवलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "शिवी कोणती दिली?"

देवयानीने सांगितली.

"हे पण घरी चाललं नसतं," लोरेटा म्हणाली. "आता पहिल्यापासून सांग. सकाळी तो आला तिथपासून. काही गाळू नकोस."

देवयानीने खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली.