साखराबाईच्या मुखाचं नाणं

मित्रांनो, मी तांब्याचं एक नाणं आहे; पण दुकानात मला दिलंत, तर मूठभर शेंगदाणेसुद्धा मिळणार नाहीत. आष्टीकडच्या आमच्या गावात साखराबाई नावाची सुईण होती. उसाच्या फडात, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोपीत, कुठूनही बोलावणं आलं की ती निघे. ती देवाघरी गेल्यावर गावानं तिचा पुतळा उभारायचं ठरवलं. त्याच्या खर्चासाठी तिच्या मुखाची एकशे एक नाणी पाडून घरोघर विकली. त्यांतलंच मी एक.

मला चंद्रभागाबाईंनी घेतलं. त्यांची तिन्ही लेकरं साखराबाईच्या हातची. त्यांनी मला थेट देव्हाऱ्यात बसवलं. मला नवल वाटलं, अन्नपूर्णेशेजारी माझं काय काम? पण घरोघरी तेच झालं होतं. बाया रोज स्नान करून आपापलं नाणं चिंच-राखेनं खसाखसा घासत, लख्ख करून कुंकू लावत.

माझ्या नशिबी ते नव्हतं. पहिल्याच महिन्यात चंद्रभागाबाईंचा उजवा हात मोडला. पुढे जुळला, पण पकड गेली. डाव्या हातानं त्या फूल तेवढं वाहत. माझा रंग काळवंडत गेला.

"अगं चंद्रे, साखराबाईला उन्हात ठिवलं का काय? लई काळी पडली!" शेजारच्या छबुबाई हसत.

दोन वर्षांनी मूर्तिकार परमेश्वर आला. तेव्हा कळलं, साखराबाईचा एकुलता एक फोटो नाणी पाडणाऱ्याकडे भिजून गेला होता. साचाही मोडीत गेला होता. मग परमेश्वरानं नाणी मागवली. बाया देवळात नाणी घेऊन जमल्या. पाहतात तर काय, घासून घासून नाक, डोळे, सगळं सपाट!

"मावशी, ही साखराबाई हाय का सुपारी?" परमेश्वर म्हणाला.

"आता पुतळ्याला त्वांड कुणाचं लावावं?" छबुबाई रडवेल्या झाल्या. "चंद्रे, तुझं कुठं हाय?"

चंद्रभागाबाईंनी मला पदरात लपवलं होतं. "न्हाई दाखवत बाई. देवाची वस्तू, अन् मी अशी ठिवली. लाज वाटती."

छबुबाईंनीच पदराची गाठ सोडली. परमेश्वरानं मला उजेडात धरलं. रुंद नाक, कपाळावरचं गोंदण, हसताना गालावर पडणारी घडी, काळ्या थराखाली सगळं शाबूत होतं.

"हीच! हीच आपली साखराबाई!" बाया एकदम म्हणाल्या. परमेश्वरानं मला ओल्या मातीवर अलगद दाबलं.

"चंद्रे, तुझा मोडका हात लई शहाणा निघाला," छबुबाई डोळे पुसत म्हणाल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. पण हात लावण्याआधी एवढं बघा, आपण मळ पुसतोय की मुख.