काउंटेसचा सोनेरी डबा

“उठला! बघा, उठला!”

पोर्ट केरिनच्या वार्षिक प्रदर्शनातला मांजरांचा तंबू गर्दीने फुटायला आला होता. टेबलावर डल्सी ट्रेगोवनचा म्हातारा, एरवी पडूनच असणारा बोका अ‍ॅडमिरल, समोर दोन बशा. साध्या निळ्या डब्यातला मासा हुंगून त्याने तोंड फिरवलं, आणि मागचे पाय ओढत जाऊन ‘काउंटेस’ नावाच्या मांजरखाद्याच्या सोनेरी डब्यातला मासा चाटूनपुसून खाल्ला.

“हे अन्न नव्हे, बंधुभगिनींनो, अमृत!” विक्रेता कॅल्विन स्ट्रड गाऊ लागला. होय, चक्क गाऊ लागला. फ्रेंच काउंटेसचं जहाज फुटलं, तिच्या मरायला टेकलेल्या मांजरीला कोळ्याने गुप्त पाककृतीचा घास भरवला, आणि मांजरी पुढे बावीस वर्षं जगली! प्रत्येक कडव्याला गर्दी टाळ्या वाजवत होती. मीही वाजवत होतो. गाऊन सांगितलेलं प्रवचन मी एकाही रविवारी चुकवत नाही. सूर लागला की माझे हात ऐकत नाहीत.

शेजारी डल्सी डोळे पुसत होती. “चार दिवस झाले, इन्शुलिनची सुई बंद केलीय मी. स्ट्रडसाहेब म्हणाले, काउंटेस सुरू केली की सुई नको.”

माझी टाळी हवेतच राहिली. अ‍ॅडमिरलला मधुमेह होता.

“काय बंद केलंस?” मागून नोरीन पास्को पुढे घुसली. गावच्या मासळीच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं डबे बंद केले होते. तिने दोन्ही रिकामे डबे उचलून उलटे केले.

“काय रे कॅल्विन, तुझी काउंटेस आमच्या आठव्या लाइनीवर कामाला होती का?”

“बाईसाहेब, ते गुपित...”

“कसलं डोंबलाचं गुपित! दोन्ही बुडांवर एकच शिक्का. आठवी लाइन, मंगळवार, सकाळची पाळी. मासा तोच, अर्ध्या डब्यांना निळा कागद, अर्ध्यांना सोनेरी. सहा वर्षांपूर्वी निळा खपेना, म्हणून ही काउंटेस जन्माला आली. ‘आजार बरे करते’ असं कागदावर छापलं होतं, तक्रारी झाल्या तेव्हा काढलं. छापता येत नाही म्हणून हा आता गातो!”

तंबूत हशा पिकला. “मग बोका उठला कसा?” कोणीतरी ओरडलं.

नोरीनने नवे डबे उघडून अदलाबदल केली: साधा मासा काउंटेसच्या बशीत, सोनेरी डब्यातला दुसरीत. अ‍ॅडमिरल पुन्हा त्याच बशीकडे गेला! मग तिने बशा आमच्या हातांत फिरवल्या. काउंटेसची बशी स्ट्रडने चहाच्या किटलीवर धरून गरम केलेली. दुसरीच्या काठाला संत्र्याची साल चोळलेली. गरम माशाचा वास मांजराला ओढतो, संत्र्याचा पळवून लावतो. चमत्कार एवढाच.

“पण खाल्लं तर त्याने,” डल्सी पुटपुटली.

“खाल्लं गं. म्हणून बरा झाला का? त्याचे मागचे पाय बघ, साखरेने लुळे पडलेत. पाणी किती पितो?”

“अंघोळीच्या टबातलंसुद्धा.” डल्सीचा चेहरा उतरला. “अगं नोरीन, मी काय करून बसले!”

“रड नंतर. गाडी बाहेर आहे, डॉक्टर दवाखान्यात आहेत. चल.”

डल्सीने बोक्याला शालीत गुंडाळलं. स्ट्रडने घाईघाईने नवं कडवं धरलं. टाळी एकही पडली नाही.

अ‍ॅडमिरल वाचला. आता रोज डल्सी त्याला स्तोत्र गुणगुणत सुई देते.

देवाला बशी गरम करावी लागत नाही, मित्रांनो. भक्ती मनापासून करा, सुरात सूर मिसळा. पण कोणी गात गात औषध सोडायला सांगितलं, तर टाळी वाजवण्याआधी डबा उलटा करून बघा.