नौफाच्या दुखवट्याची कॉफी

"ओत की रे, हात अवघडला माझा," हाजी उबैद म्हणाला.

अबू सल्लूमनं किटली खालीच ठेवली. सीरियातल्या इदलिबच्या या निर्वासित छावणीत दुखवटा कुणाचाही असो, कडू कॉफी ओतायची ती त्यानंच. बिनकानाचा एकच कप, घोटभर भरायचा, एकानं प्यायला की पुढच्याला द्यायचा. आजचा दुखवटा त्याच्याच बायकोचा होता. नौफा काल खोकून खोकून गेली.

"आज कॉफी नाही. आलात, पावलं. आता आपापल्या तंबूत जा."

"त्या कागदवाल्यांचं ऐकतोस होय?"

मदत कार्यालयानं साथीच्या सूचनांचा कागद पाण्याच्या टाकीवर डकवला होता. दोन मीटर अंतर ठेवा. आजाऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवा. वारंवार हात धुवा. लिहिणाऱ्यानं अक्कल गहाण टाकली असावी. चार मीटरच्या तंबूत नऊ माणसं, आणि टँकर आठवड्यातून दोनदा, तोही ड्रायव्हरची मर्जी असली तर.

"कागद गेला खड्ड्यात," अबू सल्लूम म्हणाला. "मागच्या आठवड्यात फारिसच्या आईच्या दुखवट्याला चाळीस जणांना मी एकाच कपातून पाजली. अकरा आडवे झाले, तिघं मेली. उरलेला घोट त्याच कपात नौफाला नेऊन दिला. तिला आवडायची. मी पाजलंय, हाजी."

मग हाजी गुडघ्यावर हात टेकून उठला.

"जन्मभर लोकांच्या मयताला ओतलीस आणि बायकोच्या वेळी हात आखडलास. बिचारी नौफा."

त्याच्यामागून सगळे उठले. ज्यांच्या जिवासाठी हा अपमान गिळला, त्यांनी जाताना त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याला त्यांची किळस आली आणि स्वतःची त्याहून जास्त.

दुपारी मदत कार्यालयाची जीप आली. साहेबानं काच बोटभर खाली केली, रिकाम्या सतरंज्या पाहिल्या, नाव विचारलं आणि खूश होऊन भोंगा सुरू केला.

"सर्वांनी अबू सल्लूम यांच्याकडून शिकावं. घरात मृत्यू होऊनही त्यांनी आमच्या सूचना तंतोतंत पाळल्या."

"तुमच्यासाठी नाही केलं मी," तो म्हणाला. काच वर गेली होती.

तंबूतंबूवरून तेच सांगत जीप पुढे गेली. समोरच्या तंबूतून हाजी उबैद बाहेर आला, अबू सल्लूमकडे बघत जमिनीवर थुंकला आणि आत जाऊन त्यानं पडदा ओढून घेतला.

दुखवट्याला तीन दिवस बसायचं असतं. अबू सल्लूमनं सतरंजी झटकली आणि दाराकडे तोंड करून, येणाऱ्यांसाठी जागा सोडून, तो बसला.