मिस्त्रींचा होकार

साजिदनं गाडी अंगणात उभी केली आणि चार्जिंगची वायर लावली. पडद्यावर नऊ टक्के उरले होते. सकाळी शंभरावर निघालेली गाडी. डायलिसिसचे दोन पेशंट आर्णीहून यवतमाळला नेऊन परत आणले, एवढंच. येताना एसीसुद्धा बंद ठेवावा लागला. उतरताना त्या दोघांतले पूनमसिंग घाम पुसत म्हणाले होते, सोमवारपासून दुसरी गाडी सांगितली आहे.

ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसलेल्या बिस्मिल्लाबीला पोरानं हे सांगितलं नाही. तिनं त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

तेवढ्यात गल्लीतला शहजाद आला आणि खाटेवर बसलेल्या साजिदच्या बापाच्या, रहमतमिस्त्रींच्या पायाशी टेकला.

"चाचा, रविवारी लोहाऱ्याले चाला. कंपनीच्या जुन्या गाड्याइच्या यार्डात एक इलेक्ट्रिक पाहून आलो. तुमी हो म्हणल्याबिगर मी काई घेत नाही."

चाळीस वर्षं आर्णीत हेच चालत आलं होतं. जुनी गाडी घ्यायची तर रहमतमिस्त्रींना न्यायचं. ते इंजिन सुरू करायला लावत, बॉनेटवर हात ठेवत, डोळे मिटत. 'घे' म्हणाले की सौदा झाला. त्यानंतर विकणाऱ्याला काही विचारणं म्हणजे मिस्त्रींचा अपमान. बिस्मिल्लाबीला ते दिवस आठवत; जीपवाले, टेम्पोवाले दारात ताटकळत असायचे.

साजिदची ही गाडी त्याच यार्डातून घेतली, तेव्हा लोहाऱ्यालाही ती सोबत गेली होती. साजिद तिथल्या माणसाला एकेक विचारत होता. बॅटरी किती उरली, वॉरंटी माझ्या नावावर येईल का. रिपोर्टाला दोन दिवस लागतील, तो माणूस म्हणाला. मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला. आवाज नव्हता, थरथर नव्हती. ते बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

"घे," ते म्हणाले.

साजिदनं प्रश्नांचा कागद घडी करून खिशात घातला.

आता तो शहजादला सांगत होता, "बॅटरीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय सही करू नको. वॉरंटी तुह्या नावावर होते का, ते लिहून घे. कंपनीची गाडी हाय म्हणून भुलू नको. फुल चार्ज कर, चार माणसं बसव, घाटात चालवून पाह्य."

"मंग तू काहून नाही पाह्यलं?"

साजिदनं खाटेकडे पाहिलं नाही.

"अब्बा म्हणत होते, रिपोर्ट येऊ दे. मलेच घाई झालती."

शहजाद हसला. "तू पयलेपासून घाईचाच. सोताच्या निकाहले काजीच्या आधी जाऊन बसलता. बाप असा मिस्त्री, आन पोरगं पाहा."

साजिदही हसला.

बिस्मिल्लाबीचा हात सुपात थांबला. ती नवऱ्याकडे पाहत राहिली. मिस्त्रींनी घसा खाकरला. आता बोलतील, असं तिला वाटलं.

"चाचा, मंग रविवारी?"

"किती वाजता?" मिस्त्रींनी विचारलं.

सूप बाजूला ठेवून ती आत गेली. चहा घेऊन बाहेर आली. घरात पहिला कप नेहमी मिस्त्रींचा. आज ती खाटेजवळून तशीच पुढे गेली आणि तो साजिदच्या हातात दिला.

साजिदनं एकदा आईकडे पाहिलं. मग कप घेऊन तो खाटेजवळ गेला आणि बापापुढे धरला.

मिस्त्रींनी तो घेतला.